राजनांदगावच्या वाटेवर

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ‘ईश्वरी कृपा आणि मनःशांती’ या विषयावर ख्रिस्ती दृष्टीने बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हा प्रथम थोडा संकोच वाटला. गणेशोत्सव, कोजागिरी आणि संक्रांतीच्या तिळगुळात आम्ही आपणांबरोबर इतकी वर्षे आहोत, की आम्ही ख्रिस्ती आहोत याची आठवण आपणांस आणि आम्हांसही क्वचितच होते. आमचे मूळ घर नगर जिल्ह्यातले. ‘मराठी असून ख्रिस्ती कसे?’ हा प्रश्न इथे नवीन आलेले पुष्कळ जण विचारतात, आणि ‘ख्रिस्ती असून मराठी कसे?’ हा प्रश्न परप्रांतीय ख्रिस्ती बांधव प्रार्थनामंदिराच्या दारात विचारतात. या दोन प्रश्नांच्या मध्ये आमच्यासारख्यांचे आयुष्य जाते. म्हणून संकोच बाजूस ठेवून, ज्यांनी हे दोन्ही प्रश्न आपल्या जीवनाने सोडविले त्या एका दांपत्याविषयी बोलावे असे आम्ही ठरविले. त्या दांपत्याची कथा आपल्या अगदी दारावरून गेलेली आहे, हेही त्याचे एक कारण.

भिलाईहून पश्चिमेस दुर्ग, आणि दुर्गच्या पुढे राजनांदगाव. इथून सुमारे ४० किलोमीटर. वैरागी महंतांचे हे जुने संस्थान. गुरूमागून शिष्य गादीवर यावा अशी तेथील मूळची रीत. आपल्यापैकी अनेकांस ते गाव बंगाल-नागपूर कापडगिरणीमुळे ठाऊक आहे. वाचकांस ते गजानन माधव मुक्तिबोधांमुळे ठाऊक आहे. घरात मराठी बोलणारा हा थोर हिंदी कवी १९५८ पासून तेथील दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होता. मात्र मुक्तिबोधांच्या आगमनापूर्वी ६५ वर्षे, १८९३ मध्ये, आणखी एक मराठी कवी नागपूरहून आगगाडीने राजनांदगावास यावयास निघाला होता. त्याचे नाव नारायण वामन टिळक.

‘केवढे हे क्रौर्य’ ही त्यांची कविता शाळेत पाठ न केलेला मनुष्य आपल्या पिढीत विरळा. त्या वेळी मात्र ते कीर्तिमान नव्हते. वय ३१ वर्षांचे, बुद्धी तल्लख, संस्कृताचा व्यासंग मोठा, आणि एका जागी पाय टिकत नाही असा स्वभाव. कोकणातील करजगाव येथे १८६१ साली जन्म. आई लहानपणीच गेली, वडिलांशी कधी जमले नाही. मनात सतत एक तळमळ, की या देशाचे कल्याण कशाने होईल? प्रचलित धर्मावरील श्रद्धा डळमळीत झाली होती आणि आपल्याच विचाराने एखादा नवा, शुद्ध धर्म उभारावा असे त्यांच्या मनात घोळत असे. हा मनुष्य नोकरीनिमित्त राजनांदगावास निघाला. डब्यात एक युरोपीय प्रवासी होता. त्याने आदराने जागा करून दिली, काव्याविषयी आणि धर्माविषयी बोलणे झाले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेविली, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांस ते आगाऊपणाचे वाटले. पुस्तक घेतले ते केवळ सौजन्यापोटी. परंतु वाचीन असा शब्द दिला होता, आणि शब्द पाळणे हा त्यांचा बाणा होता.

गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही स्थानके आपणांपैकी प्रत्येकाने दिवाळीच्या सुटीत गावी जाताना शंभर वेळा पाहिली असतील. मराठी ख्रिस्ती काव्याचा, भजनांचा आणि एका अर्थी ‘स्मृतिचित्रे’ या अद्वितीय ग्रंथाचा उगम या रुळांवर आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असते. आमचे असे मत आहे की छत्तीसगडातील मराठी माणसाने या गोष्टीचा थोडा अभिमान बाळगावयास हरकत नाही. पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे आपण आठवतो. त्यांच्या शेजारी ही आठवणही शोभेल.

टिळक वाचू लागले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी, म्हणजे पाचव्या ते सातव्या अध्यायापाशी, ते थबकले. शत्रूवरही प्रीती करावी, दान गुप्त असावे, उद्याची चिंता उद्यावर सोडावी, आकाशातल्या पाखरांस आणि रानातल्या फुलांस जो पाहतो तो आपणांसही पाहतो, असा त्या प्रवचनाचा आशय आहे. तत्त्वज्ञानातील जे प्रश्न त्यांस कूट वाटत होते त्यांची उत्तरे तेथे कोणत्याही वादाशिवाय मिळाली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. जो मनुष्य स्वतःच्या बुद्धीने धर्म रचावयास निघाला होता, त्याच्या हाती आयता धर्म आला. तोही एका अनोळखी माणसाकडून, न मागता. नाव विचारण्याचेही त्या दोघांस सुचले नाही. ख्रिस्ती परिभाषेत ‘कृपा’ म्हणतात ती हीच.

कृपा हा शब्द आपणांस परका नाही. गुरुकृपा, देवाची कृपा, ‘आपल्या कृपेने सर्व क्षेम आहे’ असे आपण पत्रांतून शेकडो वेळा लिहिले. ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या अखेरीस पसायदान मागितले. पसाय म्हणजे प्रसाद, म्हणजे कृपाच. तरीही ख्रिस्ती विचारात या शब्दाचा एक कोपरा असा आहे की जो पचावयास जड जातो. येशूने सांगितलेला एक दृष्टान्त घ्या. द्राक्षमळ्याच्या धन्याने सकाळी मजूर लावले, दुपारी लावले, आणि दिवस मावळण्यास तासभर उरला असताही लावले. संध्याकाळी त्याने सर्वांस सारखीच मजुरी दिली. सकाळपासून उन्हात राबलेल्यांनी साहजिकच तक्रार केली. पोलाद कारखान्यात तीन पाळ्यांत हयात घालविलेल्या आपणांस हा न्याय पटणे कठीण. आपल्या युनियनने तर त्याच दिवशी संपाची नोटीस दिली असती! आणि कारखान्यापुरते ते योग्यही आहे. हा दृष्टान्त वेतनाविषयी नाहीच. देवाघरी हजेरीपट चालत नाही, शेवटच्या तासाला आलेल्याचेही पोट पहिल्याइतकेच मोठे असते, एवढेच त्यात सांगावयाचे आहे.

दुसरा दृष्टान्त लूकच्या पंधराव्या अध्यायातला, आणि तो आपणां परमुलखी राहणाऱ्यांस अधिक झोंबणारा. धाकटा मुलगा वाटणी मागून दूर देशी गेला, सर्व उधळून बसला, आणि उपाशी मरण्याची वेळ आली तेव्हा घरी परत निघाला. बापाने त्यास दुरून पाहिले आणि धावत जाऊन मिठी मारली. कथा येथे संपत नाही. घरी राहून शेत सांभाळणारा थोरला भाऊ रुसून बाहेर उभा राहतो आणि बाप त्याचीही समजूत घालावयास अंगणात येतो. आपल्यापैकी किती जणांचा थोरला भाऊ गावी राहिला! आईबापांचे आजारपण त्याने काढले, आणि आपण चार दिवसांकरिता पेढे घेऊन गेलो तर कौतुक आपले झाले. त्याच्या मनातली ती सल आपण जाणतो, आणि आपल्याही मनात एक अपराधाची टोचणी असते. धाकट्यास क्षमा हवी असते, थोरल्यास न्याय. बाप दोघांकरिता घराबाहेर येतो. धाकट्याचे काय झाले हे सर्व प्रवचनकार सांगतात. थोरला शेवटी आत गेला की नाही हे येशूने सांगितलेले नाही, आणि आमच्या मते दृष्टान्ताचे सारे मर्म त्या न सांगितलेल्या गोष्टीत आहे.

टिळकांच्या घरात अंगणात उभे राहण्याची पाळी लक्ष्मीबाईंवर आली. आता जे सांगावयाचे ते आमच्या विषयाच्या विरुद्ध जाणारे वाटेल, पण ते गाळून कृपेविषयी बोलणे हा अप्रामाणिकपणा होईल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांस शांती मिळाली असेल. त्यांच्या पत्नीचा संसार मात्र त्या दिवशी मोडला. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, समाजात तोंड दाखविण्याची चोरी. पुढची काही वर्षे त्यांनी पंढरपूर आदी ठिकाणी आप्तांच्या आश्रयाने काढली. शोकाने त्या अंथरुणास खिळल्या, पण त्या शोकातच त्यांस कविता सुचू लागली. एकाच्या शांतीची किंमत दुसऱ्याने का भरावी, हा प्रश्न आम्ही अनेक वर्षे मनाशी घोळविला आहे. ‘देवाची इच्छा’ असे म्हणून तो झटकून टाकणारे धर्मोपदेशक आम्हांस आवडत नाहीत. लक्ष्मीबाईंनीही तो झटकला नाही. त्यांनी तो सोसला, त्यावर टिळकांशी भांडल्या, आणि पुष्कळ वर्षांनी त्यावर हसल्याही.

पुढे त्या नगरास पतीकडे आल्या, त्या ख्रिस्ती होण्याकरिता नव्हे. आपले सोवळे, आपला धर्म राखून राहावयाचे अशा निश्चयाने आल्या. टिळकांनी त्यांवर धर्माची सक्ती केली नाही, आणि हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. अन्य सर्व बाबतींत उतावळा असलेला हा माणूस या एका बाबतीत वाट पाहत राहिला. लक्ष्मीबाईंचे मन पालटले ते बायबलाच्या अभ्यासाने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, असा साधा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. माणसानेच केला असे उत्तर मिळताच त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. त्या निश्चयाने आपल्या छातीवरचा दगड उतरला, असा अनुभव त्यांस आला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पतीस गाडीतल्या पुस्तकाने गाठले, पत्नीस पाण्याच्या तांब्याने. कृपेचा रस्ता प्रत्येकाच्या घराचे दार पाहून वळतो असे दिसते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून निराळे, आणि त्याचाही आपल्या या भागाशी संबंध आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात आल्या होत्या. छत्तीसगड त्या वेळी याच मध्यप्रांतात मोडत असे. स्वतःचे आईवडील आणि वडील बहीण दुष्काळातच गमावलेल्या या बाईंना ती दृश्ये पाहवली नाहीत. त्यांनी उपासमारीने मोडलेल्या तीनशे मुलींस सांभाळण्याचा संकल्प केला आणि पुण्याजवळ केडगावी ‘मुक्ती’चा संसार थाटला. परंतु आमच्या विषयाला धरून सांगावयाचे ते त्यांच्या साक्षीविषयी. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पुढे त्यांनी आपल्या आत्मकथनात स्पष्ट लिहिले, की त्या दिवशी आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नाही. तो मिळावयास आणखी सुमारे आठ वर्षे लागली. एवढी विदुषी, वेदशास्त्रसंपन्न, इंग्लंड-अमेरिकेत नावाजलेली. आणि तिने जाहीर कबूल करावे की आपण धर्मांतर केले तरी मन अस्वस्थच होते! पाटी बदलल्याने दुकानातला माल बदलत नाही. कृपा ही आपल्या विद्वत्तेस किंवा सत्कृत्यास मिळणारे बक्षीस नाही हे त्यांस उमगले, तेव्हा त्यांच्या मनास शांती आली. त्यानंतर त्यांनी आरामखुर्ची पकडली नाही. दुष्काळ, अनाथ मुली, अंध स्त्रियांकरिता व्यवस्था, आणि सगळ्या कामांच्या गर्दीत मूळ भाषा शिकून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर. ते पूर्ण झाले आणि थोड्याच काळाने, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या निवर्तल्या.

शांतीचा आणि स्वस्थ बसण्याचा आपण जो संबंध जोडतो तो या लोकांच्या चरित्रांत सापडत नाही. भिलाईत बोलणारा प्रत्येक वक्ता भट्टीचा दृष्टान्त देतो. आम्ही तो टाळणार होतो, पण मोह आवरत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते आपली पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहऱ्याचे खनिज तिच्यात पडते, पण आपले लोखंड आपणच करीन असे काही ते म्हणू शकत नाही; वारा बाहेरून लागतो, आच बाहेरून लागते. इथवर दृष्टान्त ठीक आहे. याच्या पुढे मात्र तो लंगडा पडतो, कारण खनिजास कोणी विचारीत नाही आणि माणसास विचारले जाते. दोन वर्षांपर्यंत टिळकांस, पाच वर्षांपर्यंत लक्ष्मीबाईंस, आठ वर्षांपर्यंत रमाबाईंस विचारले जात होते.

आता आरंभीच्या त्या दोन प्रश्नांकडे येऊ. ख्रिस्त होण्याकरिता साहेब व्हावे लागते ही समजूत टिळकांच्या काळी दृढ होती. कित्येक नवख्रिस्ती पोषाख, नावे आणि जेवण्याची रीत बदलीत. परदेशी मिशनांनी शाळा आणि दवाखाने काढून मोठी सेवा केली. आपल्या छत्तीसगडातच १८६८ साली ऑस्कर लोर हे मिशनरी रायपूरला आले आणि त्यांनी वसविलेल्या गावाचे नाव विश्रामपूर ठेविले गेले. चांपा आणि बैतलपूर येथे कुष्ठरोग्यांकरिता आश्रम निघाले. ते ऋण आम्ही विसरत नाही. परंतु देशी माणसास धाकटे समजण्याची वृत्तीही त्या कार्यात होती, आणि टिळकांस ती खपत नसे. त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत आणि ओव्यांत आणली, टाळमृदंगासह कीर्तने केली, ख्रिस्तास माउली म्हणून हाक मारली. ज्याने आई लहानपणी गमावली त्याने ती हाक मारावी यात नवल नाही. पण वारकरी परंपरेत वाढलेल्या मराठी कानास ती ओळखीची वाटली हे महत्त्वाचे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. आमच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात टिळकांच्या गीतांचा मोठा वाटा आहे, आणि रविवारी ती म्हणताना आपण परक्या देशाची प्रार्थना करीत आहोत असे आम्हांस कधी वाटले नाही. त्यापूर्वी गोमंतकात फादर स्टीफन्स या इंग्रजाने १६१६ साली ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापवून मराठीची थोरवी गाइलीच होती. टिळक त्याच घराण्याचे.

आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास पत्करला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोहोंसही तेथे बंधू म्हणून जागा होती. त्या काळच्या मंडळींस हे धाडस पचले नाही. आजही सर्वांस पचेल असे नाही. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले आणि दरबार पुढे फारसा चालला नाही. आम्ही मात्र या मंडळाकडे पाहतो तेव्हा त्या दरबाराची आठवण येते. इथे सत्यनारायणाचा प्रसाद आमच्या हाती देताना आणि नाताळची करंजी आमच्या घरून नेताना कोणी बाप्तिस्म्याचा दाखला पाहिला नाही. महाराष्ट्रात राहिलो असतो तर हे इतक्या सहज झाले असते की नाही, याविषयी आम्हांस शंका आहे. दूर आलेल्यांस एकमेकांची गरज अधिक लागते.

राहता राहिल्या लक्ष्मीबाई. टिळकांमागे त्या १७ वर्षे जगल्या. त्यांपैकी काही काळ तर कराचीस, म्हणजे आपल्याहूनही दूर, मुलाच्या संसारात. लग्नानंतर ज्यांस पतीने अक्षरे गिरवावयास लावली त्या बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून तिचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी मंडळाच्या ग्रंथालयातून ती अवश्य न्यावी. ज्या धर्मांतराने त्यांचा संसार उद्ध्वस्त केला त्याची हकीकत सांगताना त्यांच्या लेखणीत कडवटपणाचा थेंबही नाही. टिळकांच्या विसराळूपणाचे, घरातले नाणे न् नाणे वाटून टाकण्याचे, न सांगता परगावी निघून जाण्याचे वर्णन वाचून आपण पोट धरून हसतो आणि पुढच्या पानावर डोळे पुसतो. बालकवी ठोंबरे या घरात मुलासारखे वावरले ते याच बाईंच्या जिवावर.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचे महाकाव्य आरंभिले होते. थोडे अध्याय होतात न होतात तोच ते गेले. ते काम लक्ष्मीबाईंनी उचलले. ज्या ग्रंथाच्या नायकाने आपला नवरा आपल्यापासून ओढून नेला असे त्यांस एके काळी वाटत होते, त्याच्या चरित्राचे ६४ अध्याय त्यांनी वार्धक्यात ओवीबद्ध केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या तेव्हा शेवटचा भाग उरला होता. तो दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, पुरा केला आणि १९३८ साली आई, वडील व मुलगा अशा तिघांच्या हातचा तो ग्रंथ छापून बाहेर आला.